औषधांना न जुमानणारी फिट, मेंदूचं ऑपरेशन आणि आजींचं कॅलेंडर

हडपसरला ताईच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी एक कॅलेंडर लटकलेलं असतं. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, कामवाल्या मावशी कधी आल्या नाहीत, असा सगळा हिशेब ताईच्या सासूबाई त्यावर ठेवतात. चारेक वर्षांपूर्वी त्यांनी त्याच चौकोनांत लाल पेनाने ठिपके द्यायला सुरुवात केली. एक ठिपका म्हणजे नातवाला रात्री आलेली एक फिट. एकेका चौकोनात कधी तीन, कधी चार.

हे अमावास्येला वाढतं, असं आजींचं ठाम मत होतं आणि ते आम्हाला दाखवून द्यायचं होतं. तीन महिन्यांनी पानं उलटून बघितली, तर तीनपैकी दोन अमावास्या कोऱ्या. ठिपक्यांची दाटी होती ती सर्दी-तापाच्या आठवड्यात आणि नात्यातल्या एका हळदीला पोरगा रात्री एक वाजेपर्यंत नाचला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. आजी काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना मात्र त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून पिशवीत घातलं. डॉक्टरांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, "आजी, हे आम्ही प्रत्येकाला करायला सांगतो. करतं कोण?"

मी बँकेत नोकरी करते, डॉक्टर नाही. भाच्याच्या पहिल्या फिटपासून ऑपरेशनपर्यंत अडीच वर्षं गेली. त्यातलं निदान एक वर्ष वाचलं असतं, असं आता वाटतं. म्हणून जे समजलं ते लिहिते आहे.

तुळशीबागेतला ढोल

फिट, आकडी, फेफरं, मिरगी, सगळी नावं एकाच गोष्टीची. वारंवार फिट येण्याच्या आजाराला अपस्मार म्हणतात, म्हणजे स्मृती जाणं. नटराजाच्या पायाखाली जो बुटका दाबलेला दिसतो, त्याचंही नाव अपस्मार. नटराज त्याला मारत नाही, नुसता दाबून ठेवतो. हे मला पुढे बऱ्याचदा आठवलं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक इशाऱ्यांनी बोलतात. रविवारी संध्याकाळी पुण्याच्या तुळशीबागेच्या बाजारात काय होतं ते आठवा. हजारो माणसं एकाच वेळी बोलत असतात, कुणी भाव करतं, कुणी पोराला हाका मारतं, प्रचंड कलकलाट असतो आणि तरी प्रत्येकाचा व्यवहार सुरळीत चाललेला असतो. आता समजा, एका कोपऱ्यात अचानक ढोलपथक सुरू झालं. आसपासचे लोक आपलं बोलणं सोडून त्याच ठेक्यात टाळ्या पिटू लागले. बघता बघता सगळी बाग एका तालात. आवाज भरपूर, पण काम बंद. फिट म्हणजे हेच: पेशींनी आपापलं काम सोडून एका ठेक्यात धडकणं. पथक कुठल्या कोपऱ्यात सुरू होतं त्यावर फिट कशी दिसते ते ठरतं. हात हलवणाऱ्या भागात सुरू झालं तर हात झटके देतो. दुसऱ्या एखाद्या भागात सुरू झालं तर मूल नुसतं टक लावून बघत राहतं, ओठ चावत राहतं, हाक मारली तरी ओ देत नाही.

भाच्याचा कोपरा कपाळामागचा होता. तिथल्या फिट्स बऱ्याचदा झोपेत येतात आणि फार विचित्र दिसतात. तो झोपेतून ताडकन उठून बसायचा, किंचाळायचा, सायकल मारल्यासारखे पाय हलवायचा. अर्धं मिनिट. मग पुन्हा गाढ झोप. सकाळी काही आठवत नसे. सुरुवातीला सगळ्यांनी 'झोपेत दचकतो' म्हटलं, मग जंताचं औषध झालं आणि मग शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी 'बाहेरचं बघा' असा सल्ला दिला.

बघायला गेलेसुद्धा. त्या माणसाने मिरचीची धुरी द्यावी लागेल म्हटल्यावर आजी पोराला उचलून बाहेर आल्या. "माझा खंडोबा असली धुरी मागत नाही," एवढंच बोलल्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आजींना तो कायदा माहीत नव्हता. त्यांना त्यांचा देव माहीत होता.

निदानाला खरी गती दिली ती दाजींनी मोबाइलवर काढलेल्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओने. फिट ओसरल्यावर डॉक्टरांसमोर बसलेलं मूल एकदम ठणठणीत असतं, त्यामुळे सांगून काही कळत नाही. कुणीतरी पोराजवळ बसावं आणि दुसऱ्याने चित्रीकरण करावं. पूर्ण अंग दिसलं पाहिजे, दिवा लावलेला हवा.

जवळ बसणाऱ्याने काय करायचं? कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा आपणहून एक-दोन मिनिटांत थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर मात्र थेट दवाखाना. अशा वेळेसाठी नाकात मारायचा स्प्रे मिळतो. तो घरी ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

'अजून एक गोळी बघू'

गोळ्या वाईट नाहीत. अपस्माराच्या बहुसंख्य रुग्णांचं आयुष्य गोळ्यांवर सुरळीत चालतं. गोळी ढोलपथकाला हाकलत नाही, ती सगळ्या बागेलाच जरा हळू बोलायला लावते, त्यामुळे ठेका पसरत नाही. पण त्यामुळेच झोपही येते, चिडचिड होते, अभ्यासात मन लागत नाही.

पहिल्या योग्य औषधाने साधारण निम्म्या रुग्णांच्या फिट्स थांबतात. दुसऱ्याने शंभरातले आणखी दहा-बारा. त्यानंतर तिसरी, चौथी, पाचवी गोळी देत गेलं तरी पूर्ण थांबणाऱ्यांची संख्या फारच थोडी वाढते. म्हणून अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये व्याख्या ठरवून टाकली: योग्य निवडलेली, पुरेशा डोसमध्ये, नियमित घेतलेली दोन औषधं फिट्स थांबवू शकली नाहीत, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजायचा. याचा अर्थ लगेच ऑपरेशन असा नाही. लगेच तपासणी असा आहे. ऑपरेशन होण्यासारखं आहे का, हे जिथे अशी ऑपरेशनं होतात त्या केंद्रात बघून घ्यायचं.

आमचं वर्ष गेलं ते इथे. दोन गोळ्या फसल्यावर तिसरी आली, तिसरीत चौथी मिसळली. आम्ही तेव्हा ज्यांच्याकडे जात होतो ते म्हणाले, मोठा झाला की जाईल. काही मुलांचा अपस्मार वयाबरोबर खरंच जातो, पण तो प्रकार वेगळा आणि ईईजीत, म्हणजे मेंदूची वीज टिपणाऱ्या चाचणीत, तो ओळखू येतो. दाजींनाही ते ऐकायला बरं वाटायचं. इंजिनिअर माणूस, देवधर्माच्या वाटेला न जाणारा, पण मेंदूला हात लावायचा म्हटलं की "अजून एक गोळी बघू." घरातली श्रद्धाळू बाई उशीर करेल, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात उलटं झालं. कॅलेंडर आजींच्या हातात होतं आणि चौथ्या गोळीनंतरही ठिपके तेवढेच होते.

उशीर का महाग पडतो? एक तर लहान वयात मेंदू शिकत असतो, आणि रोज रात्री चार वेळा ढोल वाजत असेल तर दिवसा शिकायचं कशाने. पहिलीत फाडफाड वाचणारा मुलगा दुसरीत जोडाक्षरांना अडखळायला लागला होता. दुसरं कारण बोलायला जड आहे. फिट येऊन अचानक जीव जाण्याचा धोका लहान असला तरी खरा आहे. सगळे रुग्ण मिळून धरले तर हजारामागे वर्षाला एकाच्या आसपास, पण झोपेत मोठ्या फिट्स येत असतील तर तो वाढतो. हे आम्हाला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. विचारावं लागलं.

देवाला काय मागायचं

ऑपरेशन होण्यासाठी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. ढोल नेमका कुठल्या कोपऱ्यात सुरू होतो? आणि तो कोपरा काढला तर बोलणं, चालणं, बघणं, आठवण यांपैकी काही जाईल का? या शोधाला महिने लागतात.

पहिला टप्पा व्हिडिओ-ईईजी. टाळूवरून मेंदूची वीज टिपता येते, हे हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसावर पहिल्यांदा करून दाखवलं. ही वीज असते व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या आसपास, म्हणून तारा चिकटवताना इतका घोळ घालावा लागतो. भाच्याच्या डोक्यावर वीसेक तारा पेस्टने चिकटवल्या, वरून पट्टी गुंडाळली. फेटा बांधलाय म्हणून तो खूश. समोर कॅमेरा, पलंगाशी एक बटण. चार दिवस त्या खोलीतच राहायचं.

आणि मग डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. मुद्दाम. फिट आलीच नाही तर ती कुठून येते ते कळणार कसं?

पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्रीही काही नाही. अडीच वर्षं जिच्या न येण्यासाठी घरात दिवा लावला, तिची सगळे वाट बघत बसले होते. आजी अंधारात माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अगं, आता देवाला काय मागू? येऊ दे म्हणू की नको म्हणू?" मला हसू आलं आणि लगेच रडू. तिसऱ्या पहाटे चार वाजून बारा मिनिटांनी तो ताडकन उठून बसला. ताईने बटण दाबलं. त्या पहाटे एकूण पाच आल्या आणि पाचही जणींनी एकच पत्ता सांगितला: उजवीकडे, पुढचा भाग.

शेजारच्या खोलीत सोलापूरकडची तीन वर्षांची मुलगी होती. जन्माच्या वेळी मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटलेला, त्यामुळे अख्खा अर्धा मेंदू फिट्सचं केंद्र झालेला. अशा मुलांमध्ये तो अर्धा भाग बाकीच्या मेंदूपासून तोडून वेगळा करतात. आता बहुतेक वेळा तो बाहेर काढत नाहीत, तिथेच ठेवून त्याच्या जोडण्या कापतात. ढोल वाजत राहिला तरी ऐकायला कुणी नाही. तीन वर्षांच्या मेंदूत इतका लवचीकपणा असतो की भाषा दुसऱ्या बाजूला घर करते, मूल चालतंही. विरुद्ध बाजूच्या हाताची बोटांची नजाकत आणि त्या बाजूची नजर मात्र जाते. तिची आई हे सगळं आम्हाला शांतपणे सांगत होती, आणि सांगताना चार्जर शोधत होती.

दुसरा टप्पा एमआरआय. आमचा पहिला एमआरआय 'नॉर्मल' होता आणि वर्षभर आम्ही तो कागद दाखवत फिरलो. एमआरआय नॉर्मल म्हणजे मेंदूत दोष नाही असं नसतं. या वेळी जास्त ताकदीच्या, ३ टेस्लाच्या यंत्रावर, खास अपस्मारासाठीच्या पद्धतीने मिलिमीटरभर जाडीचे काप घेतले. ईईजीने पत्ता दिलेला होता, त्यामुळे बघणाऱ्याला कुठे डोळे बारीक करायचे ते माहीत होतं. मेंदूच्या एका घडीच्या तळाशी, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, धूसर डाग निघाला. पेट स्कॅनमध्येही तीच जागा मंद दिसली. फिट नसताना असा भाग साखर कमी वापरतो.

या डागाचं नाव फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया. गर्भात मेंदू घडताना पेशी आतून बाहेर सरकतात आणि थरावर थर रचले जातात. एखाद्या ठिकाणी ही रचना बिघडते, भिंतीत चार विटा आडव्यातिडव्या बसाव्यात तशी. बऱ्याचदा त्यामागे गर्भ वाढत असताना एखाद्याच पेशीत झालेला जनुकीय बदल असतो, जो आईतही नसतो आणि वडिलांतही नसतो. ताई सातव्या महिन्यात असताना ग्रहण होतं आणि तिने त्या दिवशी भाजी चिरली होती. इतकी वर्षं तिने हे मनात ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी ते चित्र काढून समजावलं तेव्हा तिथल्या तिथे तिने ते बोलून टाकलं. आजी म्हणाल्या, "मी चिरली असती तरी चालली असती, मीच तर सांगितलं होतं तुला आज भाजी कर म्हणून."

बाकी चाचण्या पटकन सांगते: बुद्धी आणि स्मरणशक्तीच्या परीक्षा, हात हलवायला सांगून केलेला वेगळा एमआरआय. काहींना मेंदूत बारीक तारा घालूनही बघावं लागतं, आम्हाला लागलं नाही. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञ, शल्यविशारद, रेडिओलॉजिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ असे सगळे एका टेबलाशी बसून ठरवतात. पुरावे एकमेकांशी जुळले नाहीत तर ते नाही म्हणतात. तसं झालं तर छातीत बसवायचं, मानेतल्या नसेला ठराविक वेळाने इशारा देणारं यंत्र असतं, किंवा कीटोजेनिक आहार: पोळी-भात जवळपास बंद आणि तूप-लोणी भरपूर. ऐकायला सोपा आहे, आठवडाभर करून बघा.

सत्त्याहत्तर आणि तेवीस

हे काही नवं खूळ नाही. लंडनला व्हिक्टर हॉर्स्ली यांनी अपस्मारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया केली १८८६ मध्ये. आपल्याकडे वेल्लोरला जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये देशातला पहिला मेंदूशस्त्रक्रिया विभाग उभा केला आणि १९५२ मध्ये तिथे अपस्मारासाठी ऑपरेशन झालं.

मुलांबद्दलचा सगळ्यात भक्कम आकडा तर आपल्याच देशातला आहे. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केली. ५७ जणांवर औषधांबरोबर शस्त्रक्रिया, ५९ जणांना वर्षभर फक्त औषधं. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के फिटमुक्त होते, नुसत्या औषधांवर ७ टक्के. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातच हेही आहे की शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ३३ टक्के मुलांना गंभीर त्रास झाले. त्यातला मोठा वाटा अर्धा मेंदू वेगळा केल्यावर येणाऱ्या, आधीच माहीत असलेल्या अशक्तपणाचा होता.

मी हे आकडे दाजींना कागदावर लिहून दिले. ते म्हणाले, "शंभरातले तेवीस उरतातच की." बरोबर आहे. मी दुसऱ्या रकान्याकडे बोट दाखवलं: शंभरातले त्र्याण्णव. त्यावर ते गप्प झाले, पण सही काही केली नाही. दुसऱ्या दिवशी आजींनी जुनी दोन कॅलेंडरं माळ्यावरून काढून जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली. भंडाऱ्याची पुडी वर ठेवून म्हणाल्या, "मल्हारी त्याचं करेल. सही तो करत नाही, ती तुला करायची आहे."

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन पॅकेजच्या यादीत कसं बसतं, त्याला आधी मंजुरी कशी घ्यायची, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, दाखल व्हायच्या आधी विचारा. तपासण्यांचा खर्च वेगळा पडू शकतो, तेही विचारा.

आणि 'कुणाला सांगू नका, पुढे लग्नाला अडचण' म्हणणाऱ्यांसाठी: हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकलेला आहे. पुण्यात 'संवेदना' हा अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट आहे. आपल्यासारखी चार माणसं भेटली की लपवायचं ओझं उतरतं.

ताईत, उपास, जागरण

एमआरआयच्या दारात पहिली अडचण आली ती करदोट्याची. चांदीचा तुकडा ओवलेला होता, गळ्यात तांब्याचा ताईत. यंत्राचं चुंबक प्रचंड असतं, धातू आत चालत नाही. आजींनी तो बारशापासून काढलेला नव्हता. तंत्रज्ञ पोरगा शहाणा होता. कापायला कात्री न देता म्हणाला, "आजी, गाठ तुम्हीच सोडा, मी थांबतो." दहा मिनिटं लागली. लोक घाईघाईने धागा कापतात आणि मग काही झालं की त्या कात्रीला दोष जातो. आदल्या रात्री घरीच सोडून देवापुढे ठेवावा, हे उत्तम.

उपास मोठ्यांनी धरावा. फिटच्या मुलाला उपाशी ठेवू नये आणि उपासाच्या दिवशी गोळी तर कधीच चुकवू नये. गोळी अचानक बंद केली की न थांबणारी फिट येऊ शकते. अंगारा कपाळाला लावा, पोटात देऊ नका. काढे, भस्मं डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. त्यांतली काही अपस्माराच्या गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करतात.

आणि जागरण. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आजींनी खंडोबाला जागरण-गोंधळाचा नवस बोलला. अपुरी झोप हे फिट येण्याचं एक मोठं कारण आहे, ते तर आजींच्याच कॅलेंडरने सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "जागायचं मला आहे, त्याला नाही."

तारीख मिळाली आषाढाच्या तोंडावर, पालख्या पुण्यातून हलल्यावर दोन दिवसांनी. मुहूर्त विचारायची हिंमत कुणी केली नाही. पण सर्जनना विचारलंत तर दोन-चार दिवस इकडे-तिकडे करायला त्यांची हरकत नसते, दोन-चार महिने करू नका.

डावा हात

सकाळी सातला त्याला आत नेलं. आजींना कपाळाला भंडारा लावायचा होता, पण डोकं जंतुनाशकाने धुतलेलं, नर्सने नको म्हटलं. मग तो त्यांनी दाजींच्या कपाळाला लावला. दाजींनी तो संध्याकाळपर्यंत पुसला नाही.

आत काय होतं? कवटीचा एक तुकडा झाकणासारखा उचलतात, काम झालं की टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी परत बसवतात. एमआरआयच्या चित्रांवरून सर्जनना रस्ता दाखवणारं यंत्र असतं, मोबाइलवरच्या नकाशासारखं. उघड्या मेंदूवर तारा ठेवून तिथली वीज पुन्हा मोजतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, नंतर दुखतं ते कातडी, स्नायू आणि आवरणाचं. आम्हाला सहा तास लागले.

दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा डोळा सुजून बंद झाला. हे ठरलेलं असतं, चार दिवसांत उतरतं. पण डावा हात हलेना. डावा पायही जड. ताईने त्याच्या तळहातावर बोट ठेवून "दाब" म्हटलं आणि तो नुसता बघत राहिला.

सर्जननी हे आधी दोनदा सांगितलं होतं. डाग होता त्याच्या मागेच हालचालीची आखणी करणारा भाग असतो. त्याला धक्का बसला की हात-पाय काही दिवस, काही आठवडे संपावर जातात आणि बहुतेक वेळा परत येतात, कारण प्रत्यक्ष हालचालीचा भाग शाबूत असतो. हे सगळं मी वहीत लिहून घेतलेलं होतं. ती वही उघडून ताईला दाखवली तर तिने ती बाजूला सारली. ऐकलेलं आणि समोर पडलेला हात यांत फार अंतर असतं. आजी पायाशी बसून राहिल्या, रोज ती बोटं एकेक करून मोजत, खेळात मोजतात तशी. आठव्या दिवशी करंगळी त्यांच्या हातातून निसटली. त्याने ती ओढून घेतली होती. दोन महिन्यांत तो डाव्या हाताने ताट धरू लागला.

गोळ्या लगेच बंद होत नाहीत. वर्ष-दोन वर्षं सगळं ठीक असेल तर ईईजी बघून हळूहळू कमी करतात. सप्टेंबरात तापात एक फिट आली. कॅलेंडरवर एकच ठिपका. ताई कोलमडली, डॉक्टर फारसे नाहीत. त्यानंतर ठिपका नाही. गोळ्या चाराच्या दोन झाल्यात. कपाळावर केसांच्या रेषेशी व्रण आहे, त्यावर केस नीट बसत नाहीत ही त्याची सध्याची मुख्य तक्रार.

नवस फेडायचा कधी, यावर घरात वाद झाला. दाजींनी डॉक्टरांना विचारलं, बरा झाला असं म्हणायचं कधी? डॉक्टरांनी पुस्तकी उत्तर दिलं: दहा वर्षं फिट नको आणि त्यातली शेवटची पाच वर्षं गोळीशिवाय, मग अपस्मार गेला असं धरतात. आजींनी ऐकून घेतलं. "दहा वर्षं खंडोबा थांबेल, मी थांबेन का?" म्हणाल्या आणि चंपाषष्ठीला वाघ्या-मुरळी सांगून आल्या.

ऑपरेशनला तेव्हा सतरा महिने झाले होते. हॉलमधलं फर्निचर गच्चीवर गेलं, चौक मांडला, दिवटी पेटली. त्याने तळी उचलायला हात लावला, 'येळकोट येळकोट' ओरडून घेतलं, पुरणपोळी खाल्ली. बरोबर नऊ वाजता आजींनी त्याला गोळी देऊन आतल्या खोलीत निजवलं आणि बाहेरून कडी घातली. वाघ्याने विचारलं, ज्याच्यासाठी जागरण तो पोरगा कुठाय? "झोपलाय," आजी म्हणाल्या, "तुम्ही वाजवा." पहाटे तीनपर्यंत तुणतुणं आणि घाटी वाजत होती. मी दोनदा आत डोकावून आले. एका कुशीवर, तोंड उघडं, चादर पायांत गुंडाळलेली.